अजून वाटेवर असलेल्यांची सेवा: दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचे परीक्षण

विपश्यना या बौद्ध परंपरेतील ध्यानसाधनेच्या दहा दिवसांच्या शिबिराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक बसणाऱ्याच्या बाजूने असते. पाय किती दुखले, मौन किती जड गेले, चौथ्या दिवशी शरीरात काय जाणवले, दहाव्या दिवशी पहिला शब्द तोंडातून निघताना कसे वाटले, एवढ्यावर ते लेखन थांबते. मी या शिबिरांत साधक म्हणून बसलो आहे आणि धम्मसेवक, म्हणजे शिबिरातील विनामोबदला स्वयंसेवक, म्हणून कामही केले आहे, म्हणून मला दुसऱ्या बाजूविषयी लिहायचे आहे. ही सेवा देणारी माणसे कोण असतात, त्यांना काय करू दिले जाते, काय करू दिले जात नाही, आणि ज्यांचा स्वतःचा राग, लोभ आणि आळस अजून सुटलेला नाही अशी माणसे दुसऱ्याला मुक्तीच्या वाटेवर मदत करू शकतात का, हे मला तपासायचे आहे. माझे मत असे झाले आहे की करू शकतात, आणि ती मदत भरवशाची ठरते ती मुख्यतः शिबिराच्या रचनेमुळे, कारण त्या रचनेने सेवकाच्या हाती फार मोजकी गोष्ट ठेवली आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शिबिरे भारतात सुरू करणारे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म 1924 मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाला. रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते ही साधना शिकले आणि 1969 मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरीच्या धम्मगिरी या साधनाकेंद्रावर 1976 पासून शिबिरे सुरू झाली. 2013 च्या सप्टेंबरमध्ये गोएंकाजींचे निधन झाले, पण शिबिराचे स्वरूप त्यांच्या हयातीतच ठरून गेले होते. सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात, आणि प्रत्यक्ष उपस्थित असतात ते सहायक आचार्य आणि धम्मसेवक. यांपैकी कोणालाही या कामाचे मानधन मिळत नाही. कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणी बँकेत नोकरी करणारा, कोणी शेतकरी, कोणी नुकतीच पदवी घेतलेली तरुण मुलगी. धम्मसेवक होण्याची मुख्य अट एवढीच की त्याने या परंपरेतील दहा दिवसांचे एक तरी शिबिर पूर्ण केलेले असावे. म्हणजे गेल्या महिन्यात जो माणूस आसनावर बसून घर गाठण्याचे बेत आखत होता, तोच या महिन्यात दुसऱ्याच्या खोलीबाहेर पहाटे चारला घंटा वाजवत उभा असू शकतो.

सेवकाचा दिवस कसा जातो, हे सविस्तर सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. चारच्या आधी उठायचे, निवासाच्या ओळींमधून घंटा वाजवत फिरायचे, साडेचारला साधक सभागृहात किंवा खोलीत बसले आहेत ना ते पाहायचे, साडेसहाच्या न्याहारीची तयारी लावायची. मोठ्या केंद्रांवर स्वयंपाकघरात पगारी माणसेही असतात, तरी भाजी निवडणे, ताटे मांडणे, वाढणे, पाण्याची पिंपे भरणे, आजारी साधकाला मऊ भात नेऊन देणे ही कामे सेवकांकडे येतात. अकराला जेवण, पाचला नव्या साधकांसाठी फळ, चहा आणि थोडे मुरमुरे, तर जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकांसाठी केवळ लिंबूपाणी. या सगळ्यात सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा या तीन सामूहिक बैठकांना सेवकाने हातातले काम बाजूला ठेवून साधकांबरोबर सभागृहात बसायचे असते. रात्री नऊला साधक विश्रांतीला गेल्यावर सेवक आचार्यांसमोर पुन्हा थोडा वेळ बसतात आणि मंगल मैत्रीचा, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याचा, अभ्यास करतात. दिवसभरात कोणाशी कठोर बोललो असलो तर तो कडवटपणा त्या बैठकीत फार स्पष्ट दिसतो.

माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच आहे. सेवकाला सेवा करताना साधनेतून सुट्टी दिलेली नाही. एका केंद्रावर वाढण्याच्या क्रमावरून दोन सेवकांमध्ये चांगलाच खटका उडाला होता. दोघेही वयाने मोठे, दोघेही अनेक वर्षांचे साधक, आणि तरी आवाज चढलेले. अडीच वाजले, दोघे सभागृहात गेले आणि एकमेकांपासून हातभर अंतरावर तासभर बसले. बाहेर आल्यावर त्यांच्यात गळाभेट वगैरे झाली नाही, क्षमायाचनाही ऐकू आली नाही. पण पाचच्या चहाच्या वेळी एकाने दुसऱ्याचा क्रम मुकाट्याने मान्य केला. कोणत्याही कार्यालयात किंवा संस्थेत हा खटका आठवडाभर चालला असता. इथे तो अडीच ते पाच एवढाच टिकला, कारण रागावलेल्या माणसाला आपला राग घेऊन बसण्याची जागा आणि वेळ दिवसाच्या वेळापत्रकातच राखून ठेवलेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बुद्धवचनात या प्रश्नाला एक कठोर उत्तर आहे. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील सल्लेख सुत्तात भगवान बुद्ध चुंद या शिष्याला सांगतात की जो स्वतः चिखलात रुतला आहे तो चिखलात रुतलेल्या दुसऱ्याला बाहेर काढील हे संभवत नाही. ज्याने स्वतःला आवरले नाही, घडवले नाही, तो दुसऱ्याला आवरील, घडवील हेही संभवत नाही. अनेक प्रामाणिक साधक याच वचनामुळे सेवेपासून दूर राहतात. आधी आपले होऊ दे, मग दुसऱ्याचे पाहू, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात नम्रता आहे हे मी नाकारत नाही.

परंतु त्याच तिपिटकात, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांत, संयुत्त निकाय या दुसऱ्या संग्रहामध्ये खेमक भिक्खूची हकीकत आहे आणि मला ती या विषयावरील सर्वांत मोलाची साक्ष वाटते. खेमक कोसंबीजवळच्या बदरिकारामात आजारी पडलेला आहे. घोसितारामात राहणारे थेर (ज्येष्ठ) भिक्खू दासक नावाच्या भिक्खूला पाठवून त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि मग विचारतात की पाच उपादानस्कंधांत, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या शरीर-मनाच्या पाच घटकांत, तू कशाला तरी ‘मी’ किंवा ‘माझे’ मानतोस का. खेमक उत्तर पाठवतो की मानत नाही. तर मग तू अर्हत (पूर्ण मुक्त) आहेस, असा निरोप येतो. खेमक तेही नाकारतो. स्कंधांपैकी कशालाही मी ‘हा मी’ असे समजत नाही, तरी ‘मी आहे’ ही भावना अजून माझ्यातून गेलेली नाही, असे तो सांगतो. निरोपांची ही ये-जा वाढते, शेवटी आजारी खेमक काठी टेकत स्वतः त्यांच्याकडे जातो आणि ज्ञान झाल्यावरही अहंभावाचा सूक्ष्म अवशेष कसा राहतो आणि स्कंधांचा उदय-व्यय, म्हणजे उपजणे आणि नाहीसे होणे, पाहत राहिल्याने तो कसा विरतो, हे समजावून सांगतो. ते ऐकता ऐकता साठ थेरांचे चित्त आस्रवांपासून, म्हणजे मनातील खोल मळांपासून, मुक्त होते, आणि बोलणाऱ्या खेमकाचेही होते.

या कथेत मला भिडते ती खेमकाने दिलेली कबुली. शिकवणारा पूर्ण नव्हता. आपण पूर्ण नाही हे त्याने विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगितले होते, आणि त्याचा उपदेश त्या अपूर्णतेविषयीच होता. जे त्याला ठाऊक होते तेवढेच तो बोलला, आणि बोलण्यातूनच त्याचे उरलेले काम झाले. सल्लेख सुत्तातील चिखलाचा दृष्टान्त आणि खेमकाची ही हकीकत एकमेकांविरुद्ध आहेत असे मला वाटत नाही. चिखलात उभा असलेला माणूस स्वतःला काठावर उभा समजून हात पुढे करतो तेव्हा दोघे बुडतात. खेमकाने मात्र आपण नेमके कुठे उभे आहोत हे अगोदर सांगितले होते. शिबिराच्या रचनेत ही प्रामाणिकता नियमांच्या रूपात उतरवलेली आहे, आणि म्हणूनच मी या परीक्षणात त्या नियमांवर एवढा भर देत आहे.

या परंपरेच्या इतिहासातही हेच सूत्र दिसते. ऊ बा खिन हे गृहस्थ होते, सरकारी हिशेब खात्यातील अधिकारी होते आणि पुढे ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. 1941 मध्ये रेल्वेच्या हिशेबांच्या कामासाठी फिरत असताना ते वेबू सयादो या विख्यात भिक्षूंना भेटले. ही विद्या तुम्ही इतरांना द्यायला हवी, असा आग्रह वेबू सयादोंनी धरला, आणि ऊ बा खिन यांनी रेल्वेस्थानकावरील एका कर्मचाऱ्याला आनापानाचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा, पहिला धडा दिला. रंगूनमध्ये त्यांचे साधनाकेंद्र उभे राहिले ते 1952 मध्ये. मधली दहा वर्षे ते स्वतः साधना करत होते, नोकरीही करत होते. मुंबईहून कसारा घाट चढून रेल्वेने इगतपुरीला उतरणाऱ्या साधकांना ही हकीकत ठाऊक असावी असे मला वाटते.

महाराष्ट्रातील वाचकाला याहून जवळचे एक उदाहरण आहेच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि त्याच मांडवात, त्याच सकाळी, समोर जमलेल्या लाखो स्त्री-पुरुषांना स्वतः दीक्षा दिली. काही क्षणांपूर्वी उपासक झालेला माणूस दुसऱ्यांना त्या वाटेवर आणत होता. आधी मी बौद्ध म्हणून परिपक्व होईन, मग तुमचे पाहीन, असे ते म्हणाले असते तर काय झाले असते याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करून पाहावा. आयुष्याचे आठच आठवडे त्यांच्या हाती उरले होते.

आता नियमांकडे वळतो. धम्मसेवकाने साधकाला साधनेविषयी सल्ला द्यायचा नाही, हा या सेवेतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. साधक रडत असला, घाबरलेला असला, मला काहीच जाणवत नाही म्हणून चिडलेला असला, तरी सेवकाने त्याला पाणी द्यावे, बसायला जागा द्यावी, आणि आचार्यांची भेट ठरवून द्यावी. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोरडेपणाचे वाटते. सेवकाला तर ते फार कठीण जाते, कारण त्याला वाटत असते की आपण या टप्प्यातून गेलो आहोत, आपल्याला याचे उत्तर ठाऊक आहे. परंतु त्याला आपले उत्तर ठाऊक असते, समोरच्याचे नसते. एका केंद्रावर मी एका सेवकाला नव्या साधकाशी जिन्याखाली बराच वेळ बोलताना पाहिले. तो त्याला स्वतःला सहाव्या दिवशी आलेल्या अनुभवाचे वर्णन ऐकवत होता, हेतू चांगला होता, डोळ्यांत खरी करुणा होती. पुढचे दोन दिवस तो साधक आपल्याला तसाच अनुभव केव्हा येईल याची वाट पाहत बसला, आणि जे प्रत्यक्ष समोर येत होते ते त्याला दिसेनासे झाले. आचार्यांनी नंतर ते शांतपणे दुरुस्त केले. त्या सेवकाला कोणी रागावले नाही, त्याला भाजीच्या कामाकडे वळवण्यात आले. नियम का आहे, हे मला त्या प्रसंगात पुरते कळले.

सहायक आचार्यांच्या बाबतीत मात्र माझी थोडी तक्रार आहे, आणि ती व्यवस्थेविषयी आहे. दुपारी बारा ते एक या वेळेत साधक त्यांना खासगीत भेटू शकतो आणि रात्री नऊनंतर सभागृहात प्रश्न विचारू शकतो. पण भेटीसाठी नावे जास्त असली की प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात, आणि उत्तर पुष्कळदा ठरलेल्या चौकटीतले मिळते: समता ठेवा, अनित्यबोध (सारे बदलत असते हे भान) ठेवा, परत बसा. हे उत्तर चुकीचे नाही. किंबहुना आचार्यांनी आपल्या मनाचे नवे काही मिसळू नये म्हणूनच ही चौकट आहे, आणि मी वर जिची प्रशंसा केली तीच मर्यादा इथेही काम करते. तरी एखाद्या साधकाच्या मनात घरातील मृत्यू, जुना अत्याचार किंवा खोल अपराधभाव वर आलेला असतो तेव्हा तेच वाक्य शब्दशः पुन्हा ऐकणे त्याला एकटे पाडते. काही आचार्य तेच वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबतात, साधकाकडे नीट पाहतात, आणि मग बोलतात. तेवढ्यानेही फार फरक पडतो. हे प्रशिक्षणाने शिकवता येण्यासारखे आहे आणि सर्वांना शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी हे शिबिर योग्य नाही. अर्जातच मानसिक आरोग्याविषयी, चालू औषधांविषयी विचारले जाते, आणि ते प्रश्न औपचारिक समजून रिकामे सोडू नयेत किंवा लपवूनही ठेवू नयेत. दहा दिवसांचे मौन आणि दिवसाचे दहा तास बसणे हा मनावरचा मोठा ताण आहे. धम्मसेवक आणि सहायक आचार्य हे साधनेतील सोबती असतात, त्यांच्याकडून वैद्याचे काम होणार नाही. ज्यांच्यावर उपचार सुरू आहेत त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि अर्ज नाकारला गेला तर त्यात अपमान मानू नये.

पैशाच्या व्यवहाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, तो स्वच्छ आहे. शिबिराचे, जेवणाचे, राहण्याचे शुल्क नाही. दान केवळ त्यांच्याकडून घेतले जाते ज्यांनी किमान एक शिबिर पूर्ण केले आहे. म्हणजे आज तुम्ही जेवता ते कोणा अनोळखी जुन्या साधकाच्या दानातून आणि तुमचे दान पुढच्या अनोळखी साधकासाठी. देणाराही घेणाऱ्यासारखाच वाटेवरचा असतो, हे इथेही खरे आहे.

आपल्या बौद्ध वस्त्यांमध्ये या शिबिरांविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. डोळे मिटून दहा दिवस बसल्याने अन्याय दूर होत नाही, बाबासाहेबांनी दिलेला धम्म समाज बदलण्यासाठी होता, असे आक्षेप घेणारे म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. शिबिरात जात, शोषण, शिक्षण यांविषयी चर्चा होत नाही, आणि ज्याला त्यासाठी काम करायचे आहे त्याला ते शिबिराबाहेर, संघटनेत आणि संघर्षातच करावे लागेल. परंतु सेवकांच्या रांगेत मी जे पाहिले तेही इथे नोंदवायला हवे. ज्या घरांत आमच्या आजोबांना पाण्याचा पेला लांबून दिला जाई अशा घरांतील माणसे आमच्या मुलांना वाढत होती, त्यांची ताटे उचलत होती, आणि आमच्याच वस्तीतील एक काकू त्या माणसांपैकी एकाच्या आजारी आईच्या खोलीत मऊ भात नेऊन देत होत्या. याने जात संपली असा दावा मी करणार नाही. पण सेवा घेणारा आणि देणारा यांच्या जागा इतक्या सहज बदलताना मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाही.

कोणी शिबिराला जावे आणि कोणी सेवेला, हे विचारणाऱ्यांसाठी माझे मत असे आहे. पहिल्या शिबिरानंतर लगेच दुसऱ्याला बसण्याची ओढ लागते. शक्य असेल तर मध्ये एकदा सेवेला जाऊन पाहावे. आसनावर जी समता तासाभरासाठी जमते ती दीडशे ताटे मांडताना, कोणी तिसऱ्यांदा गरम पाणी मागताना, पहाटेच्या थंडीत घंटा हाती घेताना किती उरते, हे तिथे कळते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी खुर्चीची सोय आधीच सांगून ठेवावी, सेवकांनाही ती मिळते. वेळ कमी असेल तर दहाही दिवस न राहता काही दिवसांची सेवा स्वीकारली जाते का, हे त्या त्या केंद्राला अगोदर विचारून घ्यावे. अर्ज संकेतस्थळावरून भरता येतो, आणि साधक म्हणून बसण्याच्या जागा लवकर भरत असल्या तरी सेवकांची गरज बहुतेक केंद्रांना असते. स्त्रियांच्या विभागात ती अधिक जाणवते, विशेषतः पावसाळ्यात शेतीची कामे सुरू असताना, तेव्हा ज्या भगिनींना येणे शक्य आहे त्यांनी त्या महिन्यांचा विचार करावा. सोबत साधे, सैल, अंग झाकणारे कपडे, टॉर्च, छत्री आणि रोजची औषधे ठेवावीत.